पुण्यात भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घेताय? हा क्रम धरा

गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यायचं ठरवणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच हिशोब असतो. कर्ज काढू, भाडेकरू ठेवू, भाड्यातून हप्ता जाईल आणि वीस वर्षांनी फ्लॅट आपला होईल. पुण्यात आजच्या किमतींना हा हिशोब बसत नाही. भाडं हप्त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही आणि उरलेले पैसे दर महिन्याला पगारातून घालावे लागतात. तरीही फ्लॅट घेणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. नीट निवडलेला आणि पुरेसा काळ सांभाळलेला फ्लॅट चांगला परतावा देतो. फक्त तो परतावा मुख्यतः किंमत वाढण्यातून येतो, आणि किंमत वाढेपर्यंत फ्लॅट हातात ठेवण्याची ताकद लागते. ज्याला दोन-तीन वर्षांत नाइलाजाने विकावा लागतो, तो हमखास तोट्यात जातो. म्हणून एकही साइट बघण्याआधी कागद-पेन घेऊन बसा.

आधी हिशोब, मग साइट

समजा ७० लाखांचा, राहण्यास तयार असलेला रिसेलचा टू बीएचके घेताय. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के: मूळ ५, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी १ टक्का असते, पण ३० हजारांच्या वर जात नाही. ब्रोकर १ टक्का धरला तर ७० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त २५ हजार. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंगकाम, किचन ट्रॉली, गिझर, पंखे, ग्रिल यांसाठी अडीच लाख बाजूला ठेवा. बेरीज होते ७८ लाख ६५ हजार. यातले साडेआठ लाख लोक पहिल्या हिशोबात धरतच नाहीत.

बँक करारातल्या किमतीवर कर्ज देते, तेही तिचं मूल्यांकन कमी आलं तर त्या कमी रकमेवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात येत नाही. आपल्या उदाहरणात कर्ज ५६ लाख मिळेल आणि स्वतःचे २२ लाख ६५ हजार लागतील. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण ४८ हजार ६०० रुपये.

आता भाडं. महिना २२ हजार धरू आणि वर्षातले ११ महिनेच हातात येतात असं समजू, कारण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत फ्लॅट रिकामा राहतोच. वर्षाचे झाले २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर १५ हजार, दुरुस्ती १५ हजार आणि भाडेकरू शोधून देणाऱ्या एजंटाचे सरासरी ११ हजार वजा करा. उरतात १ लाख ६५ हजार. गुंतलेल्या ७८ लाख ६५ हजारांवर हे सव्वादोन टक्केसुद्धा होत नाहीत. हप्त्यांचे वर्षाला ५ लाख ८३ हजार जातात. म्हणजे दर महिन्याला सुमारे ३५ हजार रुपये खिशातून घालायचे आहेत.

आणखी पुढे जाऊन सात वर्षांचा हिशोब करा. किंमत दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढली तर ७० लाखांचे १०५ लाख होतात आणि ऐकायला छान वाटतं. पण सात वर्षं न चुकता हप्ते भरल्यावरही ५६ लाखांपैकी जवळपास ४५ लाख ८० हजार मुद्दल शिल्लक असते, कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजाचाच असतो. विक्रीच्या पैशातून उरलेलं कर्ज, ब्रोकर आणि भांडवली नफ्यावरचा १२.५ टक्के कर वजा केला की हातात साधारण ५५ लाख येतात. तोपर्यंत तुम्ही घातलेले असतात सुमारे ५२ लाख. भाडं दरवर्षी थोडं वाढेल, त्याचे दोन-तीन लाख जास्त धरा. एवढीच कमाई.

किंमत वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर त्याच हिशोबात बारा-तेरा लाख जास्त मिळतात. कर्ज कमी आणि स्वतःचा पैसा जास्त असेल तरी चित्र बदलतं. तुमचे आकडे घालून हा तक्ता तीन वेळा करा: वाढ ४ टक्के, ६ टक्के आणि ८ टक्के. चार टक्क्यांच्या तक्त्यातसुद्धा झोप उडत नसेल तर पुढे जा. आणि एक अट मी कुणालाही सांगेन. डाउन पेमेंट भरून झाल्यावर किमान एक वर्षाचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम वेगळी शिल्लक हवी. नोकरी गेली, फ्लॅट रिकामा राहिला, घरात आजारपण आलं, तर पहिला बळी हाच फ्लॅट जातो.

कराबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. भाड्याच्या उत्पन्नातून मिळकतकर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग कर्जावरचं व्याज वजा होतं. जुन्या करप्रणालीत यातून येणारा तोटा पगारातून दोन लाखांपर्यंत वजा करता येतो, नव्या प्रणालीत ती सोय नाही. त्यामुळे 'टॅक्स वाचेल' एवढ्यासाठी घर घेण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

भाडेकरू कोण, ते आधी ठरवा

स्वतः राहायचं घर आणि भाड्याचं घर यांची निवड वेगळी असते. भाड्याच्या फ्लॅटला सूर्योदयाची बाल्कनी लागत नाही. त्याला रोज कामावर जाणारा माणूस लागतो. हिंजवडीच्या आयटी पार्कसाठी वाकड, ताथवडे, पुनावळे. खराडीसाठी वाघोली आणि चंदननगर. मगरपट्ट्यासाठी हडपसर आणि मांजरी. चाकणच्या कारखान्यांसाठी मोशी. प्रत्येक ठिकाणचा भाडेकरू निराळा. हिंजवडीच्या बाजूला दोन-तीन नोकरदार मिळून टू बीएचके घेतात, मोशीत कुटुंबं जास्त. तुम्ही बघत असलेली सोसायटी बॅचलर मंडळींना घर देऊ देते का, हे सेक्रेटरीला आधीच विचारा. जिथे तीन मुलं मिळून ३० हजार देतात, तिथे सोसायटीने फक्त कुटुंबांचा नियम केला असेल तर तुमचं भाडं पाच-सहा हजारांनी खाली येऊ शकतं.

भाडं किती मिळेल हे बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये विचारू नका. शेजारच्या तयार सोसायटीच्या गेटवर जा आणि वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. मग एखाद्या स्थानिक एजंटाला भाडेकरू म्हणून फोन करा आणि दुसऱ्याला मालक म्हणून. दोघांनी सांगितलेल्या आकड्यांच्या मधे खरं भाडं असतं. आणखी एक गोष्ट करा. एखाद्या साध्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास त्या सोसायटीसमोर उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. ताबा देऊन दोन वर्षं झालेली इमारत निम्मी अंधारात असेल तर तिथे तुमच्यासारखेच गुंतवणूकदार जास्त आहेत आणि सगळे एकाच भाडेकरूच्या मागे लागणार आहेत.

होऊ घातलेल्या प्रकल्पांच्या जोरावर किंमत देऊ नका. पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१६ मध्ये झाली, पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले आणि गाडी स्वारगेटपर्यंत पोचायला सप्टेंबर २०२४ उजाडला. पुरंदरच्या विमानतळाची चर्चाही २०१६ पासूनची. हे प्रकल्प खोटे नाहीत. पण ज्या विमानतळाच्या जाहिरातीवर आज चौरस फुटाला हजार रुपये जास्त मोजता, त्याची वाट बघत हप्ते तुम्हालाच भरायचे आहेत. मेट्रो जिथे धावते आहे, स्टेशनपासून चालत पोचता येतं, तिथे थोडे जास्त पैसे देणं समजण्यासारखं आहे.

पाणी, आणि पुन्हा पाणी

पुण्याच्या वाढत्या कडेला फ्लॅटची किंमत आणि भाडं दोन्ही पाण्यावर ठरतं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. गाव महापालिकेत आलं म्हणून नळाला महापालिकेचं पाणी आलं असं होत नाही. वाघोली, उंड्री, पिसोळी, सूस, म्हाळुंगे या पट्ट्यांत अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. साइट बघायला म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत जा, पावसाळ्यात नको. सोसायटीच्या कमिटीकडे गेल्या मार्च, एप्रिल आणि मेची टँकरची बिलं मागा. ती दाखवायला कां-कूं झाली तर उत्तर मिळालं असं समजा.

बिल्डरने महापालिकेच्या परवानगीवेळी 'पाण्याची सोय आम्ही करू' असं हमीपत्र दिलेलं असतं का, हेही विचारा. नव्या हद्दीतल्या बऱ्याच प्रकल्पांत असतं, आणि ताबा दिल्यावर ती जबाबदारी सोसायटीच्या गळ्यात पडते. पाणी पुरेसं आहे एवढंही पुरत नाही, ते कुठून येतं हे कळायला हवं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइयान-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळी चर्चा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतावर येऊन ठेपली होती.

दुसरी बाजू पुराची. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. नदीकाठी किंवा ओढ्याजवळ फ्लॅट बघत असाल तर निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा नकाशावर कुठून जाते ते आर्किटेक्टला विचारा. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कोरडा राहील, पण पार्किंग, लिफ्ट आणि वीज मीटर खालीच असतात, आणि एकदा पाणी शिरलेल्या इमारतीचं नाव भाडेकरूही लक्षात ठेवतात.

तयार की बांधकाम चालू?

पहिल्या गुंतवणुकीला माझं मत तयार फ्लॅटकडे झुकतं. तयार फ्लॅटला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असेल तर जीएसटी लागत नाही, भाडं पुढच्याच महिन्यापासून सुरू होतं, आणि भिंतीची ओल, पाण्याचा दाब, शेजारी कोण हे सगळं डोळ्यांनी दिसतं. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी आहे. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. पुणे जीएसटीच्या व्याख्येत महानगरांत मोडत नाही म्हणून ही ९० मीटरची मर्यादा. मुंबईकर नातेवाईक ६० सांगतील, ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे.

बांधकाम चालू असलेलं घेण्याचा फायदा असा की सुरुवातीचा भाव कमी असतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने जातात. पण ताबा दोन वर्षं लांबला तर दोन वर्षांचं भाडं गेलंच, शिवाय बँकेचं व्याज चालू. हे व्याज धरून पुन्हा हिशोब करा, मग 'स्वस्त' भाव किती स्वस्त आहे ते दिसेल. आणि नोंदणी नसलेल्या 'प्री-लॉन्च' योजनेत, एखाद्या साध्या पावतीवर पैसे देणं पूर्णपणे टाळा. महारेराचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक मिळण्याआधी जाहिरात करणं किंवा बुकिंग घेणं हेच मुळात कायद्याला धरून नाही.

महारेराचं पान नुसतं उघडू नका, वाचा

रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात नोंदणीची व्यवस्था १ मे २०१७ पासून लागू आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं.

बहुतेक लोक नोंदणी क्रमांक बघतात आणि निश्चिंत होतात. नोंदणी म्हणजे सरकारने दिलेली हमी नव्हे. नोंदणीत फक्त माहिती जाहीर होते, ती वाचायचं काम तुमचं. पूर्ण करण्याची मूळ तारीख आणि आताची तारीख बघा. मुदतवाढ किती वेळा घेतली ते तिथे कळतं. तुमच्या मजल्यापर्यंत बांधकाम परवानगी आहे का ते बघा. सेल्सवाला बाविसावा मजला दाखवत असतो आणि मंजुरी चौदापर्यंतच असते, असं घडतं. किती फ्लॅट बुक झाले आहेत तेही तिथेच असतं. जागेवर कर्जाचा बोजा आहे का आणि कोणाचा, बिल्डरच्या दुसऱ्या प्रकल्पांवर तक्रारी किती, हेही बघा. बोजा असणं वाईट नाही, पण मग त्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र तुमच्या फ्लॅटसाठी मागायचं.

कायद्यात तुमच्या बाजूने तीन गोष्टी भक्कम आहेत. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. ताबा वेळेत दिला नाही तर प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा थांबून विलंबाचं व्याज मागता येतं. पण आदेश मिळणं आणि पैसे हातात पडणं यांत बराच काळ जातो. म्हणून चांगला बिल्डर निवडणं हे चांगली तक्रार लिहिण्यापेक्षा कधीही बरं.

भाव विचारताना नेहमी कार्पेटवर बोला. 'हजार स्क्वेअर फूट' म्हणून सांगितलेला फ्लॅट कार्पेटला सातशेच्या आसपास निघू शकतो. एकूण किंमत भागिले कार्पेट, एवढ्या एकाच आकड्यावर दोन इमारतींची तुलना होते.

कागद: इथे घाई केली की आयुष्यभर निस्तरावं लागतं

वकील स्वतःचा घ्या. बिल्डरने सुचवलेला नको आणि ब्रोकरचा भाचाही नको. त्याच्याकडून किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजांच्या नोंदींचा तपास, करून घ्या. बँक कर्ज देते आहे म्हणजे कागद बरोबरच असणार, हा समज चुकीचा आहे. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो.

सातबारा मात्र स्वतः वाचायला शिका. महाभूलेखवर तो फुकट बघता येतो, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. मालकाचं नाव सगळे बघतात, खरी माहिती 'इतर हक्क' या रकान्यात असते. तिथे कुळाचं नाव आहे का? वतन किंवा देवस्थान इनामाचा उल्लेख आहे का? गावच्या पतपुरवठा सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का? जमीन 'भोगवटादार वर्ग २' असेल तर ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, मग त्या परवानगीची प्रत मागायची. प्रत्येक नोंदीसमोर फेरफाराचा, म्हणजे ती नोंद कशी बदलली त्याच्या कागदाचा, क्रमांक असतो. संशय येईल तो फेरफार काढून वाचा, बहिणींची हक्कसोड पत्रं झाली आहेत का ते तिथे कळतं. पुण्याच्या आसपासच्या जमिनींवरचे कितीतरी दावे याच मुद्द्यावरून उभे राहिले आहेत.

रिसेलमध्ये करारांची साखळी पूर्ण हवी: पहिल्या खरेदीदारापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक करार आणि त्याचा इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचा सारांश देणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा. मूळ कागद बँकेकडे असतील तर बँकेचं थकबाकीचं पत्र घ्या आणि तुमच्या पैशातून आधी ते कर्ज थेट फेडलं जाईल अशी व्यवस्था करा. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, आहे का ते बघा. ते नसलेली इमारत राहती असली तरी पुढे विकताना तुमचा गिऱ्हाईक तेच विचारणार. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीकडे येणं) झालं आहे का तेही विचारा. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. आणि रिसेल असेल तर वकिलाकरवी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. काही हजार रुपये जातात, पण कुणाचा हक्क असेल तर तो व्यवहाराआधी पुढे येतो.

भावाची खात्री करायला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. त्या इमारतीतले अलीकडचे करार शोधा. इंडेक्स टूवर मोबदल्याची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य दोन्ही छापलेले असतात. 'शेजारचा नव्वदला गेला' असं सांगणाऱ्याला उत्तर द्यायला यापेक्षा चांगला कागद नाही.

फ्लॅट परवडत नाही म्हणून कुणी गुंठ्याच्या प्लॉटकडे वळत असेल तर तिथे थांबा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत. काही जुन्या व्यवहारांना सरकार अधूनमधून सवलत देतं, त्या भरवशावर नवा व्यवहार करू नका. सामाईक सातबाऱ्यावर दहा-पंधरा जणांत नाव लागणं म्हणजे प्लॉट मिळणं नव्हे. एनए (बिगरशेती) आणि मंजूर लेआउट असलेला, स्वतंत्र उतारा असलेला प्लॉट ही निराळी गोष्ट, पण त्याला भाडं येत नाही. पहिल्या गुंतवणुकीला मी तो सुचवणार नाही.

पैसे देताना

टोकन द्या, पण लेखी. एका पानाचं पत्र पुरतं: किंमत, कार्पेट, पार्किंग कुठलं, कागद तपासून समाधान झालं नाही किंवा कर्ज नाकारलं गेलं तर टोकन किती दिवसांत परत. हे शेवटचं वाक्य लिहायला विक्रेता तयार नसेल तर टोकन देऊ नका.

रोखीची मागणी होईल. 'थोडे कॅशमध्ये द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल.' स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याने निषिद्ध आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. तुमचं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. करारात किंमत कमी दिसली की कर्ज कमी मिळतं आणि पुढे विकताना नफा जास्त दिसून कर वाढतो.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही, म्हणजे खरेदीदाराने, कापून भरायचा. बिल्डरला हप्त्याहप्त्याने देत असाल तर प्रत्येक हप्त्यातून. विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते आधी बघा. नसेल तर दर २० टक्क्यांवर जातो आणि नोटीस तुम्हाला येते. विक्रेता परदेशात राहणारा असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कपात बरीच मोठी असते. अशा व्यवहारात सीएशिवाय पाऊल टाकू नका. पुण्यात अमेरिकेतल्या मुलाच्या नावावरचे फ्लॅट पुष्कळ विकायला येतात, तेव्हा हा प्रसंग तुमच्यावर येऊ शकतो.

फ्लॅट फक्त पत्नीच्या, आईच्या किंवा बहिणीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आपल्या उदाहरणात ७० हजार रुपये. मात्र कर्ज कोण फेडणार, उत्पन्न कोणाच्या नावावर धरलं जाणार हे सीएला विचारूनच ठरवा.

कर्ज बदलत्या व्याजदराचंच घ्या. वैयक्तिक कर्जदाराला त्यावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. बोनस, विम्याची रक्कम, काहीही हाती आलं की मुद्दलात भरा. पहिल्या पाच वर्षांत भरलेला लाख शेवटच्या पाच वर्षांतल्या लाखापेक्षा कितीतरी जास्त व्याज वाचवतो.

भाडेकरू ठेवताना

महाराष्ट्रात भाडेकरार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करार. तो लेखी आणि नोंदणीकृत असणं भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे सक्तीचं आहे, आणि जबाबदारी मालकाची. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हे आपल्या राज्यात खरं नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिलेला करार वादाच्या वेळी कामाला येत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि मधल्या काळासाठी दुप्पट भाड्याची तरतूद आहे.

खर्च फार नाही. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात १ हजार रुपये नोंदणी फी. २२ हजारांच्या ११ महिन्यांच्या कराराला शुल्क सहाशे रुपयांच्या आसपास बसतं. बायोमेट्रिक यंत्र घेऊन एजंट घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती त्याच वेळी ऑनलाइन देऊन टाका आणि त्याची प्रत सोसायटीला द्या.

सोसायटी भाड्याच्या फ्लॅटला ना-वापर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काही ठिकाणी मेंटेनन्सच्या दीडपट-दुप्पट बिल पाठवतात. तेव्हा शासनाच्या २००१ च्या परिपत्रकाचा हवाला देऊन लेखी पत्र द्या, तोंडी भांडू नका. मिळकतकराचंही लक्षात ठेवा. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. रिसेलच्या फ्लॅटचं जुनं बिल बघून कर धराल तर तो सवलतीतला आकडा असू शकतो.

डिपॉझिट पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं घेतात. ते खर्चू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. परत देताना उसनवारी करावी लागली की भांडण ठरलेलं. भाडेकरू निवडताना दोन हजार कमी देणारा पण तीन वर्षं टिकणारा माणूस पत्करा. महिन्याला दोन हजारांप्रमाणे वर्षाला २४ हजारांचा फरक पडतो. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला, एजंटाला एक भाडं दिलं आणि रंग मारला तर त्याच्या दुपटीहून जास्त जातात.

किल्ली देण्याच्या दिवशी भाडेकरूला घेऊन प्रत्येक खोलीत फिरा. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: भिंती, नळ, गिझर चालू करून, पंखे फिरवून, दारांच्या कड्या. वीज मीटरचं आणि गॅस मीटरचं रीडिंग फोटोत घ्या. ट्रॉलीचे रुळ, बाथरूमच्या फरशा, बाल्कनीची काच यांची एक यादी करून दोघांनी सही करा आणि ती कराराला जोडा. वीजबिल तुमच्याच नावावर राहतं, म्हणून महावितरणच्या संदेशांसाठी तुमचा मोबाइल नंबर नोंदवलेला ठेवा. बिल थकलं की पहिल्याच महिन्यात कळेल, डिपॉझिट हातात असतानाच.